डाळ मिलच्या गेटवरची अमेरिका

अमेरिका मी पाहिलेली नाही. पासपोर्टसुद्धा काढला नाही कधी. तरी नोकरीची सगळी वर्षं मी लातूरच्या एका कॉलेजात अमेरिका शिकवली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ‘अमेरिकेचा इतिहास’ असा पेपर असायचा. आता नाही. नवा अभ्यासक्रम आला, त्यात तो गेला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मीही निवृत्त होऊन नांदेडला राहायला आले. दोघांसाठीही कुणी निरोप समारंभाला फारसं थांबलं नाही.

मुलं हा पेपर घेत ते अमेरिकेच्या प्रेमापोटी नव्हे. प्रश्न ठरलेले असत. ‘दक्षिणेकडील राज्ये फुटून निघण्याची कारणे सांगा’ आणि ‘कामगार संघटनांच्या उदयावर टीप लिहा’, हे दोन पाठ केले की पास व्हायला हरकत नसे. बाजारात गाइड मिळायचं. त्यात पहिल्या प्रश्नाची कारणं ओळीनं दिलेली असत: शेतीप्रधान दक्षिण, कारखानदारीची उत्तर, आयात माल आणि जकात, राज्यांचे हक्क. गुलामगिरी पार खाली, कुठंतरी शेवटी. मी पहिल्याच तासाला सांगायची, की बाबांनो, ती यादी उलटी करा. गुलाम ठेवायला मिळावेत म्हणून ते फुटले, बाकीची कारणं त्यावर घातलेलं पांघरूण आहे. मुलं मान हलवायची आणि पेपरात गाइडप्रमाणेच लिहायची.

फळ्यावर मी अमेरिकेचा नकाशा काढायची. निलंग्याच्या एका मुलानं एकदा विचारलं, “मॅडम, दक्षिण म्हंजी आमच्याकडून बीदरकडं जातेत तिकडं का?” वर्ग हसला. पण मला तो प्रश्न आवडला होता. त्याच्या जगात दक्षिण खरंच तिकडं होती. शिकवण्याच्या धंद्यात हीच तर खरी कसरत असते. समोरच्याला जे गाव माहीत आहे तिथून निघून, जे तो कधी पाहणार नाही तिथवर त्याला न्यायचं. बहुतेक वेळा माणूस वाटेतच उतरतो.

जी दोघं उतरली नाहीत, त्यांची ही गोष्ट आहे.

चंद्रकला वाघमारे आणि बालाजी एकाच वर्गात होती. आमचं कॉलेज सकाळचं. तास संपले की दोघंही सायकलवरून एमआयडीसीत एकाच डाळ मिलमध्ये कामाला जात. चंद्रकलाचं लग्न झालेलं होतं, पदरात मुलगी होती, नवरा पुण्याला कुठल्याशा साइटवर गेला तो क्वचितच यायचा. बारावीनंतर बरीच वर्षं घरी राहून ती पुन्हा शिकायला आली होती. बालाजी लोह्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, बोलायला मोकळा आणि हसरा. मिलमध्ये तो मशीनवर होता आणि ती निवडायला.

ज्यांनी डाळ मिल पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तूर येते, चाळली जाते, तिला तेलपाणी लावून वाळवतात, मग मशीनमध्ये भरडून तिची डाळ होते. शेवटी त्या डाळीतले काळे दाणे, खडे, साल न निघालेले दाणे हातानं वेचावे लागतात. त्यासाठी बायका ओळीनं खाली बसतात. सगळीकडे कोंडा उडत असतो. मशीनवरची पुरुष माणसं हजेरीपटावर असत. बायका मुकादमीण आणील तशा येत आणि हजेरीपटावर त्यांचं नाव नसे. आणि त्या एवढ्या मोठ्या आवारात बायकांसाठी संडास नव्हता. बायका दिवसभर पाणी पीत नसत. हे मला चंद्रकलानंच सांगितलं, तेही मी तिला उन्हाळ्यात चक्कर का येते म्हणून विचारलं तेव्हा.

दक्षिणेच्या फुटण्यावर वर्गात दरवर्षी वाद व्हायचा. आपल्याकडे ‘वेगळा मराठवाडा’ म्हणणारी मुलं असतातच. त्या वर्षी त्यांचा म्होरक्या बालाजी होता.

“मॅडम, एखाद्याला नसंल ऱ्हायचं एकत्र तर त्यानं वेगळं व्हावं की. जबरदस्ती कामून?” तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत मागून चंद्रकला म्हणाली, “वेगळं व्हायचं का न्हाई हे कुणी ठरविलं मॅडम? तिथल्या गुलामांना इचारलं होतं का?”

“नाही,” मी म्हटलं. “त्यांना मतच नव्हतं.”

“मग ते राज्य वेगळं झालं कसं म्हणायचं? मालक वेगळे झाले म्हणा.”

बालाजी हसून म्हणाला, “हाव, हे मातर बरोबर हाय.” तो असाच होता. पटलं की लगेच कबूल करायचा.

कामगार संघटनांचं प्रकरण नेहमी डिसेंबर-जानेवारीत यायचं. तोवर वर्ग रिकामा झालेला असे. त्या वर्षी पुढच्या बाकांवर मोजकीच मुलं होती. मी शिकवलं, की यादवी युद्ध संपल्यावर तिथं कारखाने आणि रेल्वे कशी वाढली, लोक किती तास राबायचे, संप कसे झाले आणि ते मोडायला सैन्य कसं आलं. दिवसाचे तीन सारखे वाटे करा, एक कामाला, एक झोपेला, एक माणसाच्या मनाला येईल तसा, अशी त्यांची मागणी होती. हे ऐकताना बालाजीनं पेन खाली ठेवलं. मग मी सांगितलं, की त्यांच्यात एक संघटना सगळ्यांना आत घेणारी होती, बायकांना, अडाण्यांना, काळ्या मजुरांनासुद्धा. ती काही वर्षांतच ढासळली. तिच्यानंतर जी टिकली ती प्रामुख्यानं कसबी कारागिरांची होती. ज्याच्या हातात हुन्नर, त्याला आत जागा. बाकीचे बाहेर.

तास संपल्यावर बालाजी टेबलापाशी आला. “मॅडम, आपल्याकडं करता येतंय का हे?”

“कायदा आहे,” मी म्हटलं. “करता येतं.”

“तर करूच मग,” तो म्हणाला आणि मागं वळून चंद्रकलाकडं पाहिलं. ती वही पिशवीत भरत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, “पयली मागणी संडासची.”

अशी ती युनियन झाली. वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. पहिली बैठक चंद्रकलाच्या वस्तीतल्या विहारात ठरली, तर मशीनवरची निम्मी माणसं आलीच नाहीत. दुसरी मारुतीच्या पारावर ठरली, तिथं वस्तीतल्या बायका लांब उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. शेवटी वजनकाट्याजवळच्या मोकळ्या जागेत बैठक झाली. ती जागा कुणाचीच नव्हती. तिथं बालाजी चांगला बोलला. मी मागं उभी होते. प्राचार्यांनी आधीच मला बोलावून घेऊन सौम्य शब्दांत सांगितलं होतं, की मिलमालक संस्थेच्या जवळचे आहेत. मी त्यांचं ऐकून घेतलं आणि तरी गेले.

मग एके दिवशी सगळे गेटवर बसले. बायकांनी भाकरी बांधून आणल्या होत्या. त्यांच्यात गयाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिच्या छातीत कोंडा बसलेला, बोलता बोलता खोकायची, पण गाणी तिलाच येत. तिनं मालकाच्या नावानं जात्यावरच्या चालीत गाणं रचलं आणि मशीनवरचे बापेसुद्धा मागं सूर ओढू लागले. मी आयुष्यभर पुस्तकातून संप शिकवले होते. संपात माणसं इतकी हसतात हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मालकानं आठवड्याभरात माघार घेतली. संडास बांधला. हजेरीपटाचं बघू म्हणाला. ज्या दिवशी संडासाला दार बसलं, त्या दिवशी चंद्रकलानं वर्गात पेढे वाटले. “मॅडम, आमच्या बाया आता पानी पिऊन राहिल्या,” ती म्हणाली. माझ्या सगळ्या नोकरीत मला मिळालेलं खरं बक्षीस कोणतं असं कुणी विचारलं, तर मी हे वाक्य सांगेन. दुसरं काही माझ्यापाशी नाही.

हजेरीपटाचं बघू म्हणालेला मालक पाहत होता ते वेगळंच. उन्हाळ्याच्या तोंडावर मिलमध्ये एक मोठं खोकं उतरलं. त्यात डाळ निवडायचं मशीन होतं. त्याला कॅमेरे असतात. दाण्याचा रंग पाहून ते काळा दाणा हवेच्या फवाऱ्यानं उडवतं. ते न थकता, न खोकता चालतं. मालकानं मशीनवरच्या माणसांना केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला. म्हणाला, तुम्ही माझी कसबी माणसं, तुम्हांला हे चालवायला शिकवतो, तुम्हांला कायम करतो, पण त्या बायकांच्या युनियनीत राहायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्यांनी ठरवलं. मशीनवाल्यांची वेगळी युनियन झाली. अध्यक्ष बालाजी.

हे मला कळलं ते कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. परीक्षेच्या हॉल तिकिटासाठी दोघंही आली होती. चंद्रकलानं मला हाक मारून थांबवलं आणि बालाजीला माझ्यासमोरच विचारलं, “सांग मॅडमला. फुटलास का न्हाई?”

“फुटलो न्हाई. वेगळं झालो.” तो चहाच्या ग्लासाकडे पाहत होता. “माझ्या मागं समदी धा जणं हायेत, त्यांची लेकरंबाळं हायेत. मशीन तर येनारच हाय. आमी बाहीर बसून ते थांबंल का?”

“आमी कुटं जायाचं?”

“मी काय मालक हाय का चंद्रकला?”

“न्हाईस. म्हनून तर इचारून राहिले.”

तो एकदम माझ्याकडे वळला. “मॅडम, तुमीच शिकविलं की. कसबी कामगारांचीच टिकली म्हणून. सगळ्यांना घेतलेली ढासळली म्हणून.”

मी शिकवलं होतं. शब्द माझेच होते. जे घडलं ते सांगणं हे इतिहासाच्या मास्तराचं काम. पण ऐकणारा त्यातून ‘असंच घडतं’ असं घेऊन जातो की ‘असं घडू द्यायचं नाही’ असं, हे काही आमच्या हातात राहत नाही. मी त्याला म्हटलं, “बालाजी, टिकली ती कुणाला बाहेर ठेवून टिकली, तेही सांगितलं होतं मी.”

“सांगितलं होतं,” तो म्हणाला. “पर त्याचे मार्क न्हवते मॅडम.”

चंद्रकला हसली. त्या हसण्यानं तो जास्तच खजील झाला आणि चहा तसाच ठेवून सायकलवर बसून गेला. मला तेव्हा त्याचा राग आला नाही, आजही येत नाही. त्याला भीती वाटली होती. भीती वाटणारा माणूस दुसरं काय करतो ते मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते.

बायकांना गेटवरूनच परत पाठवलं गेलं. त्यांनी कामगार खात्याकडे दाद मागितली. वरच्या साहेबांपुढची सुनावणी नांदेडला होती. चंद्रकला, गयाबाई आणि आणखी काही जणींबरोबर मीही एसटीनं गेले. अहमदपूरला बायकांनी डबे उघडले, मला घास भरवले. एखाद्या लग्नाला निघाल्यासारख्या त्या आनंदात होत्या. त्यांना वाटत होतं, की साहेबापुढं जाऊन खरं सांगायचं, एवढंच तर आहे.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग विचारलं, “तुम्ही तिथं कामाला होता याला आधार काय?”

हजेरीपटावर नाव नव्हतं, म्हणून तर भांडण होतं. आता नाव नाही म्हणून भांडायचा हक्क नव्हता. मालकाच्या वकिलानं शांतपणे सांगितलं, की या बायका मिलमध्ये कधी कामाला नव्हत्याच, आवारात सांडलेली डाळ झाडून न्यायला येत असतील. आणि साक्षीला त्यानं मिलमधल्या कामगारांचा प्रतिनिधी आणला होता. बालाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

साहेबांनी त्याला विचारलं, “या बायकांना ओळखता?”

“हाव साहेब. मिलच्या बाजूच्या वस्तीतल्या हायेत.”

“मिलमध्ये कामाला होत्या?”

खोलीत पंखा फिरत होता. गयाबाईनं खोकला दाबून धरला होता, तिला वाटत होतं की इथं आवाज करायचा नसतो. बालाजीनं शर्टाची बाही नीट केली. मग म्हणाला, “मी मशीनवर असतो साहेब. मशीनचा आवाज लई ऱ्हातंय. कोन येतंय, कोन जातंय, ध्यान ऱ्हात न्हाई.”

ज्या गयाबाईच्या गाण्यामागं तो गेटवर सूर ओढत होता, ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मी उठून म्हणाले, की मी यांना तिथं काम करताना पाहिलं आहे, मी यांची शिक्षिका आहे. साहेबांनी लिहून घेतलं. वकिलानं नम्रपणे विचारलं, “मॅडम, आपण मिलच्या आत कधी आला होतात का?” मी गेटपर्यंतच गेले होते. गेटच्या आत मला कोण जाऊ देणार होतं?

पुढची तारीख मिळाली. बाहेर आल्यावर चंद्रकला बालाजीसमोरून गेली. तो काहीतरी बोलायला पुढं झाला. तिनं पदर खांद्यावरून नीट घेतला आणि चालत राहिली.

परतीच्या गाडीत कुणी डबे उघडले नाहीत. लोहा मागं पडल्यावर गयाबाई माझ्या शेजारी येऊन बसली. चंद्रकलाकडून तिनं माझ्या तासांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. म्हणाली, “बाई, त्या अमेरिकेतल्या बाहीर ठिवलेल्या बायांचं पुढं काय झालं?”

“मिळालं त्यांना त्यांच्या हक्काचं,” मी म्हटलं. “पण उशिरा.”

“लई उशिरा?”

“ज्या भांडल्या त्यांतल्या बऱ्याच जणींना नाही बघायला मिळालं. त्यांच्या लेकींना, नातींना मिळालं.”

“मंग बरं हाय,” गयाबाई म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

तिचं समाधान व्हावं म्हणून मी ते बोलले होते. पण ते तिथलं होतं, इथलं नव्हतं. इथं लेकीला काय मिळेल हे मला कुठं ठाऊक होतं? गयाबाई त्याच हिवाळ्यात गेली. तारखा तिच्यानंतरही पडत राहिल्या, मग जाणाऱ्या बायका कमी होत गेल्या, मग कुणीच जाईना. निकाल लागला की नाही, हेसुद्धा मला नक्की सांगता येत नाही. कुणी कळवलं नाही, आणि विचारायला जायचं धैर्य कुणाला उरलं नव्हतं.

दोघंही बी.ए. झाली, दोघंही सेकंड क्लास. चंद्रकलानं बऱ्याच ठिकाणी अर्ज केले, काही झालं नाही. बालाजी कायम झाला. ते कायमपण किती टिकायचं? निवडायचं मशीन आल्यावर मालकानं आणखी मोठं मशीन आणलं, ते एकटा माणूस चालवू शकत होता, आणि तो माणूस त्यानं परगावाहून आणला. मशीनवाल्यांची युनियन गेटवर बसली तेव्हा त्यांच्या मागं गाणं म्हणायला कोणी नव्हतं. दोन-तीन दिवसांत ती उठली. पुढं मालकानं मिलच मोडली. आमच्या लातुरात डाळीपेक्षा कोचिंग क्लासची चलती. त्या जागेवर मुलांचं हॉस्टेल उभं राहिलं. आता तिथं डॉक्टर व्हायला आलेली पोरं राहतात.

गेल्या वर्षी बालाजी नांदेडला माझ्या घरी आला. मी ओळखलं नाही. केस गेलेले, अंगावर सिक्युरिटी गार्डचा निळा ड्रेस. तो त्याच हॉस्टेलच्या गेटवर पहारा करतो. कंत्राटदाराचा माणूस, बारा तास ड्यूटी, कुठंच नाव नाही.

“मॅडम, मेसच्या बाया, झाडूवाल्या, आमी गार्ड, समद्यांची मिळून एक करावी म्हणतो,” तो म्हणाला. “आता कुनाला बाहीर ठिवायचं न्हाई. पर मी बोलावलं तर बाया येत न्हाईत. त्या चंद्रकलाचं ऐकतेत. ती तिथंच मेसमधी हाय. माझ्याशी ती बोलत न्हाई. तुमी बोललात तर...”

“तू तिला काय सांगू इच्छितोस?”

“तेवडं तुमीच काईतरी सांगा मॅडम. मला न्हाई जमत.”

मी गेले. लातूरला पोचून हॉस्टेलच्या मागच्या दारानं मेसमध्ये शिरले. चंद्रकला मोठ्या तव्यापुढं पोळ्या लाटत होती. मला पाहून पीठभरल्या हातांनीच तिनं नमस्कार केला, स्टूल दिलं, नको नको म्हणताना ताट वाढलं. मी तिला बालाजीचं सगळं सांगितलं. तिनं हात न थांबवता ऐकून घेतलं.

“त्याला सांगा, माझा राग न्हाई,” ती म्हणाली. “खरंच न्हाई. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, काय सांगावं? पर मला बोलावू नका म्हणावं. मी बायांना न्हाई म्हणून सांगनार न्हाई. चला म्हणूनबी सांगनार न्हाई.”

“चंद्रकला, तू होतीस म्हणून संडास झाला होता.”

“झाला होता की. तोच तर पाडून ही मेस बांधली.” हे तिनं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. बाहेर पाऊस आहे म्हणावं तसं म्हटलं.

काहीतरी दुसरं बोलावं म्हणून मी तिच्या मुलीचं विचारलं. मुलगी बारावी झाली होती, चांगल्या मार्कांनी.

“पुढं काय घेणार?”

“नर्सिंगला घातलं. तिला बी.ए. करायचं होतं. इतिहास घेते म्हणत होती, तुमाला भेटायचंय म्हणत होती. म्या न्हाई म्हणलं.” तिनं तव्यावरची पोळी उलटली. “राग मानू नका मॅडम. तुमी लई चांगलं शिकवायच्या. त्यानंच तर वाटाया लागतंय, की आपल्यालाबी काई करता येतंय. माझ्या लेकीला तसं वाटायला नको.”

मोबाइलवर बोलत पोरांचा घोळका जिन्यावरून उतरत होता. चंद्रकलानं माझ्या ताटात एक गरम पोळी टाकली आणि म्हणाली, “जेवून घ्या मॅडम. पोरं आली की इथं बसू देत न्हाईत.”